लोयिसोची सीट

लांगा, केप टाउन
४ फेब्रुवारी २०१९

झोलिले,

हे अक्षर मिस त्यालीचं आहे, ओळखलं असशीलच. याच अक्षरात ती तुझ्या गणिताच्या वहीवर 'छान' लिहायची आणि लोयिसोच्या वहीवर 'पालकांनी येऊन भेटावे'. भेटायला तुझा बाप जायचा. मी फाटकाबाहेर बसायची, कारण आत गेलं की सही मागतात. आता ती निवृत्त झालीय, मी म्हातारी झालेय, दुपारी दोघींनाही काम नसतं. मी बोलते, ती लिहिते. मध्येच माझी वाक्यं सुधारते. सुधारू नकोस गं, अशानं तो मला ओळखणार नाही.

फोन केला नाही, कारण फोन तू ठेवून देतोस. पत्र ठेवून दिलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

घाबरू नकोस, मरायला टेकलेले नाही. गुडघे सोडले तर बाकी सगळं चालू आहे, जीभ तर धावतेच. आणि मला नोकरी लागलीय. समोरच्या मामटोलोची नात बुलेल्वा, तू गेलास तेव्हा ती जन्मलीही नव्हती, तिनं एक छोटी गाडी घेतलीय. सहा पाहुणे घेते आणि वस्ती दाखवते. सहाच. "मखुलू," मला म्हणते, "बसभर माणसं काचेतून बघायला लागली की प्राणिसंग्रहालय होतं. सहा जणांना खाली उतरावं लागतं, नमस्कार करावा लागतो." अख्खी गल्ली मला मखुलू, म्हणजे आजी, म्हणते. तिकडे स्वीडनला, मालमोत, तुझी मुलगी ही माझी खरीखुरी नात आहे, तिच्या तोंडून मात्र ही हाक मी अजून ऐकलेली नाही. असो.

तर आधी स्टेशन, मग काळ्यांच्या पासांची जुनी कचेरी, मग पुरुषांची वसतिगृहं, मग बिअर हॉल, आणि शेवटी मी. माझ्याकडे आल्याचं सरबत मिळतं, पिठाच्या तळलेल्या गरम ग्विन्या मिळतात आणि लोयिसोची गोष्ट मिळते. परवा एका बाईनं विचारलं, "आजी, तुम्ही सुखी आहात का?" मी बुलेल्वाला म्हटलं, "सांग तिला, मंगळवारी असते." बाईनं ते वहीत लिहून घेतलं.

मागच्या दारावर खिळ्यानं ओढलेल्या खुणा आहेत ना, रेघ आणि गोल, रेघ आणि गोल? त्यांचे सगळे फोटो काढतात. मी म्हणते, पोरांचा खेळ.

त्याच दिवशी दुसऱ्या एका पाहुणीनं नाक वर करून विचारलं, "तुम्ही अजून रॉकेलवर स्वयंपाक करता का?" घरात वीज येऊन पंचवीस वर्षं होत आली. स्टोव्ह मी केव्हाच देऊन टाकला. पण वास तिलाही आला, म्हणजे माझ्या एकटीच्या नाकाचा दोष नाही. गेल्या हिवाळ्यापासून येतोय. दिवेलागणीच्या जरा आधी. दारापाशी येतो, उंबऱ्यावर थांबतो, आत येत नाही.

आता कामाचं. ईस्टर झाला की बिअर हॉलचं मागचं अंगण खणणार आहेत. गाड्या लावायला जागा करणार, नळ उपटून टाकणार. त्याच नळाशी लोयिसो पडला, ते मी तुला सांगायला नको. आपण नेऊन पुरलं ते शरीर होतं. त्याचा आत्मा तिथेच राहिला; एकदा आणायला गेले होते, त्याचं काय झालं ते पुढच्या पत्रात सांगेन. हे काम मोठ्या भावाचं. चौतीस वर्षं तो तिथे उभा आहे. नळच गेल्यावर कशाला धरून उभा राहील?

ये.

तुझी आई,
मामपिंगा


१८ मार्च २०१९

झोलिले,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं. मिस त्यालीनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी तिला सावकाश वाचायला लावलं, म्हटलं हळू वाचलं तर कमी लागेल. तेवढंच लागलं.

तू लिहितोस, मी लोयिसोला पाहुण्यांपुढे मांडलंय. माझी कसलीशी चित्रफीत तू पाहिलीस. मुठी आवळून सांगत होते म्हणे, की माझा मुलगा त्या संध्याकाळी सभेला निघाला आणि छातीवर गोळी झेलली. आणि शेवटची ओळ: "तू मला जे म्हणाली होतीस ते मी विसरलेलो नाही. मला बोलावू नकोस."

मिस त्याली म्हणाली, "काय म्हणाला होतात त्याला?"

मी म्हटलं, "म्हातारपण गं. आठवत नाही."

ती चष्म्यावरून बघत राहिली. चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेली बाई आहे.

चित्रफितीचं म्हणशील तर ऐक. पहिल्या वर्षी मी निराळं सांगायचे. कुणी फार ऐकत नसे. ग्विन्या खात नुसत्या माना हलवायचे. मग एक दिवस तोंडातून 'सभा' निघालं, आणि सहाच्या सहा खायचे थांबले. त्यानंतर सभाच राहिली. बुलेल्वानं ती माझ्याकडूनच पाठ केली.

आता तुझ्या बापाचं. तो गेला तेव्हा तू फुलं पाठवलीस. सुंदर होती. पण फुलं खांदा देत नाहीत. चौऱ्याण्णव साली, सगळीकडे पहिल्या मतदानाची नाचगाणी चालली होती तेव्हा, तो एकटाच लोयिसोला आणायला गेला होता, हे तुला माहीत नाही. गावाहून उम्फाफाची काटेरी फांदी मागवली, मेलेल्याचा आत्मा जिला धरून घरी येतो ती. नळाशी गेला, कुळाचं नाव घेऊन हाक मारली, फांदी उचलली आणि निघाला. रीत तुला ठाऊक आहे, का तिकडच्या बर्फात गोठली? फांदी हातात असेतो बोलायचं ते फक्त त्याच्याशी. पोरा, आता दार आलं. आता वळतोय. आता रस्ता ओलांडतोय. वाटेत जिवंत माणसाशी चकार शब्द नाही.

आणि फाटकावरच्या राखणदारानं विचारलं, "काय हो, बरे आहात ना?"

तुझा बाप म्हणाला, "बरा आहे, तुम्ही कसे आहात?"

संपलं. एवढा सभ्य माणूस, की मेलेल्या पोराचा हात सोडून परक्याची खुशाली विचारली. फाटकातच त्याला कळलं. म्हणाला, फांदी एकदम हलकी झाली. घरी आला तो थेट पलंगावर. मग जाईपर्यंत तीन वर्षं लोक त्याच्याशी बोलत होते आणि तो कुणालाच उत्तर देत नव्हता. उशिरा शिकला, पण पक्का शिकला.

तर लोयिसो नळाशी तरी आहे किंवा फाटकाशी. तू ये. फार तर माझ्याशी बोलू नकोस. तसंही वाटेत बोलायचं नसतंच.

मामपिंगा


५ एप्रिल २०१९

झोलिले,

फांदी आली. तुझ्या म्लामली काकानं बसच्या ड्रायव्हरबरोबर धाडली, ओल्या पोत्यात गुंडाळून. सोबत निरोप: "ज्यानं धरायची तो येत नसेल तर बोकडाच्या गळ्यात बांध." तुझा काका अजून तसाच आहे. त्याची स्वतःची पोरं शेजारच्या गावातून येत नाहीत, तो स्वीडनच्या पोराला नावं ठेवतो.

फांदी मी बादलीत उभी केलीय, तुमच्या खोलीत, दोन पलंगांच्या मध्ये. एक काटा सरळ, एक मागे वळलेला. माझी सासू म्हणायची, सरळ काटा सांगतो कुठे जायचं, वळलेला सांगतो कुठून आलास. सासूचं मला एकही बोलणं पटत नसे, हे एवढं सोडून.

पाच दिवस झाले, पानं गळायला लागलीत. सकाळी मी झाडून घेते. टपाल बघते. पुन्हा पानं झाडते. तुझं पत्र यायला सहा आठवडे लागतात आणि ईस्टरला दोनच उरलेत. तेव्हा तुला बोलवायला म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. सांगायला लिहितेय. मी जाणार आहे.

बायकांनी हे करू नये, मला माहीत आहे. काकाला विचारलं तर तो बोकडाबद्दल बोलतो. बोकडापेक्षा मी बरी.

अडचण दुसरीच होती. त्या अंगणात आता कुणालाही सोडत नाहीत. आत मडकी घडवणारे बसतात, बाहेर कुलूप. फक्त पाहुण्यांच्या तुकडीला उघडतात. म्हणून मी बुलेल्वाला म्हटलं, "शनिवारी मला दोन जागा हव्यात."

"मखुलू, तुम्ही फिरायला येणार? आपल्याच गल्लीत?"

"बिअर हॉल मी चौतीस वर्षांत पाहिला नाही."

ती हसायची थांबली. मग म्हणाली, "दुसरी जागा कुणाची?"

मी बादलीकडे बोट दाखवलं.

तिनं पाहिलं. एकीकडे नेमानं चर्चला जाते, पण आजीची नात आहे. म्हणाली, "मग शनिवारी चारच पाहुणे घेते. तुम्ही माझ्या मागे बसा, तो खिडकीशी."

वास आता रोज येतो. काल मी दार उघडून म्हटलं, "ये की रे." वारा आला.

मामपिंगा


१३ एप्रिल २०१९

झोलिले,

आजच लिहून टाकते.

सकाळी गाडीत चार पाहुणे होते: एक जर्मन नवरा-बायको, आणि डर्बनच्या दोन बहिणी. आपल्याच देशातल्या, पण आपल्याकडे परदेशी असल्यासारख्या बघत होत्या. बुलेल्वानं आधीच सांगून ठेवलं, "खिडकीची जागा रिकामी ठेवायची आहे, परतताना एक जण येणार आहे." जर्मन बाबानं तिथे पिशवी ठेवली होती, ती त्यानं उचलून मांडीवर घेतली आणि पूर्ण वेळ तशीच धरून बसला. भला माणूस.

स्टेशन पाहिलं. वसतिगृह पाहिलं. तिथे एका खोलीत तीन कुटुंबं कशी राहायची ते बुलेल्वानं सांगितलं, आणि मला कळलं की मी ते कधी नीट ऐकलंच नव्हतं. मग बिअर हॉल.

अंगण लहान आहे. माझ्या डोक्यात ते मैदान होतं. भिंतीवर रंगीत तुकड्यांचा मोठा सूर्य लावलाय. आणि कोपऱ्यात नळ. तोच. डोकं बदललंय, पाईप तोच. खाली मडकेवाल्यांची मातीची बादली.

बुलेल्वा नळाशी उभी राहिली आणि तिनं गोष्ट सुरू केली. "चौदा वर्षांचा लोयिसो त्या संध्याकाळी सभेला निघाला..." माझेच शब्द. माझाच श्वास घ्यायचा थांबा, 'छातीवर'च्या आधी. मी ते हजारदा सांगितलं असेल, पण नेहमी घरातून, दोन गल्ल्या लांबून. इथे तो ऐकत होता. मला इतकी लाज वाटली, झोलिले, जणू मी पोराला दुसऱ्याच कुणाचे कपडे घालून उभा केलाय.

मी पुढे गेले. फांदी नळाला टेकवली. कुळाचं नाव घेतलं. आणि मग जे बोलायचं ठरवलं होतं ते बोललेच नाही. म्हटलं:

"लोयिसो, सभा नव्हती. मी तुला रॉकेल आणायला पाठवलं होतं. स्टोव्ह विझायला आला होता. तू म्हणालास, आज माझी पाळी नाही, दारावर बघ, आज रेघ आहे, दादाची. मला वाचता येतं ते तेवढंच, रेघ आणि गोल. मी पाहिलं. रेघच होती. तरी मी म्हटलं, वटवट करू नकोस, जा. पोलिसांची पिवळी गाडी आली तेव्हा तू बाटली छातीशी धरून पळालास, कारण बाटली फुटली तर मी ओरडेन. ती फुटली नाही, पोरा. लोकांनी ती घरी आणून दिली. त्याच रॉकेलवर मयताला आलेल्यांचा चहा झाला. तुला एवढ्या उशिरा न्यायला आलेय. चल."

डर्बनची धाकटी म्हणाली, "काय म्हणाल्या आजी?"

मी बुलेल्वाकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं. तिला आपली भाषा कळते, तिनं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. तिची सगळी गोष्ट मी त्या नळाशी मोडून टाकली होती.

ती पाहुण्यांकडे वळली. मग त्या चौघांना म्हणाली, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तो रॉकेल आणायला गेला होता." आणि मग, हळू आवाजात, "आता आपण सगळे त्याला घरी नेतोय. कुणीही मखुलूशी बोलायचं नाही."

तिचं रोजचं काम काय, तर वाट सांगणं. तेच तिनं केलं. "आता दारातून बाहेर पडतोय. इथे पायरी आहे, जपून." रोज पाहुण्यांना सांगते तेच, त्याच सुरात. फक्त आज ती कुणाकडेच बघत नव्हती. मी तिच्या मागून तेच आपल्या भाषेत लोयिसोला सांगत होते. पायरी आहे रे. जपून.

फाटकाशी राखणदार. जुना नव्हे, त्याचा जावई. "अरे, मामपिंगा! तुम्ही इकडे कशा? बऱ्या आहात ना?"

तुझा बाप डोळ्यांपुढे आला. आणि बुलेल्वा म्हणाली, "माझ्याबरोबर आहेत. दोघं."

जावयानं फांदी पाहिली. टोपी काढली आणि फाटक दोन्ही हातांनी पूर्ण उघडलं, गाडीसाठी उघडतात तसं.

गाडीत मी फांदी खिडकीशी ठेवली. जर्मन बाबानं पट्टा ओढून तिच्याभोवती नीट अडकवला. मी हसले नाही, पण आलं होतं हसू. दुकान आलं. "इथे तू बाटली भरून घेतलीस," मी म्हटलं. वळण आलं. कोपऱ्यावरची नोमथा दारात उभी होती, तिनं हात केला, मी मान फिरवली. आता महिनाभर ती गल्लीभर सांगत फिरेल की मामपिंगाला पाहुण्यांच्या गाडीत बसून शिंगं फुटली. फिरू दे.

गाडीत वास होता. सगळ्यांना येत होता. डर्बनच्या थोरलीनं काच खाली करायला हात नेला आणि मग तसाच मांडीवर ठेवला.

घराशी आलो. मी म्हटलं, "हा उंबरा. आत ये." फांदी तुमच्या खोलीत नेली, त्याच्या पलंगावर ठेवली. आणि वास थांबला. मध्येच तुटला, कुणी बाटली खाली ठेवून बूच लावावं तसा.

पाहुणे सरबत न पिताच उभे होते. मी बाहेर आले आणि म्हटलं, "बसा. आता बोलू शकते." बसले, आणि ग्विन्या सगळ्या संपवल्या.

मामपिंगा


१४ एप्रिल २०१९, रविवार

झोलिले,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. हे त्याच पाकिटात घालते.

आज झावळ्यांचा रविवार. सगळी वस्ती हिरव्या झावळ्या घेऊन चर्चहून परततेय. मी एकटीच काट्यांची मालकीण.

मला वाटलं होतं, तो आला की शांत झोप लागेल. लागली नाही. तो पलंगावर आहे, ते मला कळतं. छान आहे. पण तो दुसऱ्या पलंगाकडे तोंड करून आहे. चौतीस वर्षांनी घरी आला आणि पहिली गोष्ट काय बघतो, तर दादा कुठे आहे.

तेव्हा काल नळाशी जे बोलले नाही ते आज सांगते. ते त्याला सांगायचं नव्हतंच, तुला सांगायचं होतं.

मिस त्यालीनं पेन खाली ठेवलं होतं. चहा टाकून आली. आता लिही गं. मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं.

मयताच्या दिवशी, अख्ख्या गल्लीसमोर, मी तुला म्हणाले: "पाळी तुझी होती. मी तुला तीनदा हाक मारली, तू उठला नाहीस." तू तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. आठवड्याभरात सीमेपलीकडे गेलास. लोकांना वाटलं, पोलिसांच्या भीतीनं. मला माहीत होतं कशानं ते.

तू दोन दिवस लपून, उपाशी, मागच्या खोलीत झोपला होतास. पोलीस तुझं नाव घेऊन दोनदा येऊन गेले होते. मी रेघ पाहिली. मग दारातून तुला पाहिलं, तोंडावर पांघरूण, एक पाय बाहेर. मी मनाशी म्हटलं, याला बाहेर पाठवलं तर हा परत येणार नाही. धाकट्याला कोण काय करतंय, तो तर पोर आहे. मी दोघांतून एक निवडला, झोलिले. आणि निवड चुकली तेव्हा ते ओझं मी तुझ्या पाठीवर ठेवलं, कारण माझ्याच्यानं ते उचलवेना.

मी तुला हाक मारलीच नव्हती. तीनदा नाही, एकदाही नाही. पांघरूण नीट केलं होतं. तू जागा होशील म्हणून लोयिसोला म्हटलं, दार हळू लाव. आणि त्यानं हळू लावलं.

तू काहीच चुकवलं नाहीस. तू नुसता झोपला होतास.

मेलेल्याला आणायला फांदी चालते. जिवंत माणसाला आणायची काय रीत आहे ते मला कुणी शिकवलं नाही. म्हणून तीच वापरते. मिस त्याली, जसंच्या तसं लिही.

पोरा, विमान उतरलं. आता तू बाहेर येतोयस. ऊन डोळ्यांवर येईल, दचकू नकोस. मोठा रस्ता धर, डोंगर समोर ठेव. वीजघराच्या दोन उंच चिमण्या असायच्या ना, त्या आता नाहीत, शोधत बसू नकोस. पुलाखालून ये. आता स्टेशन. आता दुकान, नवा रंग दिलाय, दार तेच. इथे वळायचं. नोमथा दारात असेल, तिच्याशी बोललास तरी चालेल, तू जिवंत आहेस. तिसरं फाटक. पायरीचा कोपरा फुटलाय, जपून. दाराला कडी नाही. तुझा पलंग भिंतीकडचा, चादर आज बदललीय.

हाक मारायची राहिली होती, ती आता मारते.

झोलिले, ऊठ. ये.

तुझी आई